पाण्यात ठेवलेली नाव

"वैशाखात बीडला? तिथं बघायला आहे तरी काय?" निघताना आमच्या वाडीत प्रत्येकानं मला हे विचारलं, आणि परत आल्यावर "काय बघितलंस?" हेही प्रत्येकानं विचारलं. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे ठणठणीत उत्तर होतं. बहिणीची लेक मानसी तिकडे नांदते, तिला सातवा महिना लागलाय, आणि बहिणीचे गुडघे धड नाहीत म्हणून बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं काम मावशीचं. दुसऱ्या प्रश्नाला मी "ऊन" म्हणते आणि विषय बदलते. खरं उत्तर लिहूनच काढावं म्हणून आज बसले आहे. बोलताना मी नेमकं कुठं थांबते, ते माझं मलाच आता कळायला लागलं आहे.

माझ्याबद्दल एकच गोष्ट आधी सांगायला हवी. आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, समुद्राला लागून आहे, आणि माझे वडील होड्या बांधायचे. आमच्या अंगणात तुळस एका कोपऱ्यात आणि अर्धवट होडी मधोमध असायची. मी शाळेत कारकुनी करून निवृत्त झाले असले तरी होडीतलं मला कळतं, हे मी चारचौघांत सांगत असते. न विचारताही सांगते.

गेवराईपर्यंत

प्रवासाचं वर्णन करत नाही. रात्रभर बस आणि सकाळभर दुसरी बस, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. सांगण्यासारखी फक्त माझी पिशवी होती.

मानसीचं सासर लिंगायत, शुद्ध शाकाहारी. प्रेमविवाह. लग्न झाल्यापासून पोरीनं घरात मासळी शिजवलेली नाही, आणि आता डोहाळे लागले ते नेमके माशाचे. फोनवर रडायची. म्हणून बहिणीनं सुके बोंबील आणि सुकट तिपदरी पिशवीत बांधून दिलं होतं. पुण्याच्या पुढं ऊन चढलं तशी ती तिपदरी पिशवी कामाची राहिली नाही. मागच्या बाकावरून एक फेटेवाले आजोबा मोठ्यानं म्हणाले, "कंडक्टर, गाडीत काय मेलंय का वो?" मी चेहरा कडक करून शेजारच्या बाईकडे संशयानं बघितलं. ती बिचारी आपल्या डब्याचा वास घेऊन बघायला लागली. शेवटी गेवराईला बसमधून उतरल्यावर मी ती पिशवी रस्त्याकडेच्या कुत्र्यांपुढं रिकामी केली. कुत्र्यांनी हुंगलं आणि ती निघून गेली. हा प्रदेश समुद्रापासून किती लांब आहे ते मला तिथं पटलं.

पुढं जीपनं तालुक्याच्या गावाला गेले. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते वाचताना कळेलच.

कचेरीमागचं घर

मानसीचा नवरा शिवराज महसूल खात्यात नायब तहसीलदार आहे. स्वभावानं शांत, जेवताना मान वर न करणारा. राहायला कचेरीच्या मागं सरकारी घर. मी पोचले तेव्हा तो स्वतः फाटकात उभा होता, माझी बॅग हातातून घेतली, आणि आम्ही कचेरीच्या आवारातूनच आत निघालो.

आवार म्हणजे जप्तीचा बाजार होता. वाळूचे ढीग, टायर काढलेले ट्रॅक्टर, दोन टिपर, लोखंडी केन्या. केनी म्हणजे दोरानं ओढून नदीतली वाळू खरवडून काढायचं लोखंडी सूप. एका बाजूला इंजिनाची एक लोखंडी बोट पडली होती, पंपाचा जाड पाइप अजून तिच्या अंगावर. आणि तिच्या शेजारी, उन्हात, एक लाकडी होडी.

मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आजूबाजूला धूळ, बाभळी, पाण्याचा टँकर, आणि मध्ये होडी! मी बॅग, ऊन, शिवराज सगळं सोडून तिच्याकडे गेले. सपाट बुडाची, बाभळीच्या फळ्यांची, डांबर लावलेली. कडेच्या फळीवर जाळ्याची दोरी घासून घासून खाच पडलेली. इंजिन बसवल्याची भोकं नाहीत, वाळू भरल्यावर तळाला येतात तसले ओरखडे नाहीत. फळ्यांचे सांधे मात्र उन्हानं उघडे पडले होते. काही ठिकाणी करंगळी आत जात होती.

"मावशी, तुम्हाला कळतं यातलं?" शिवराजनं मागून विचारलं.

"न कळायला काय झालं? बाबांच्या हाताखाली वाढले मी," मी म्हटलं. "ही माशाची होडी. आणि अशीच उन्हात ठेवलीत तर महिनाभरानं जळणाला सुद्धा कुणी घेणार नाही."

तो बॅग घेऊन पुढं चालायला लागला. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मानसीनं दारातच पिशवीचं विचारलं. कुत्र्यांची हकीकत ऐकून ती आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवराज म्हणाला, "घरात नको एवढंच. देवघर आहे. पण मागच्या अंगणात तीन विटा मांडून काय करायचं ते करा, माझी ना नाही." मला जावई त्या क्षणी फार आवडला.

बाजार

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मासळीच्या बायका शेवटी, बाभळीखाली बसलेल्या. आमच्याकडे मासळीबाजारात शिरलं की आधी आवाज ऐकू येतो, मग वास. इथं दोन्ही नव्हतं. मोजक्या बायका, आणि प्रत्येकीपुढं थर्माकोलच्या खोक्यात बर्फातला तोच तो मासा, डोळे पांढरे पडलेला. मी एकीच्या पुढं बसले, कल्ला उचलून बघितला आणि नाक मुरडलं.

"लांबचा दिसतोय."

"आंध्राचा हाय," ती म्हणाली. वय माझ्याहून थोडं कमी, कपाळावर गोंदण, बोलणं सरळ तोंडावर. "टेम्पोत येतो. आमी येपाऱ्याकडून घेतो अन् इकतो."

"आणि नदी? नदी तर एवढ्याशा अंतरावर आहे."

"नदी हाय. मासा बी हाय. नाव न्हाई." तिनं कचेरीच्या दिशेनं हनुवटी उडवली. "नाव तिकडं हाय, सरकारच्या अंगणात."

तिचं नाव गयाबाई. जातीनं भोई. मी कुठली, कुणाकडं आले, हे तिनं विचारलं, आणि मी जरा ऐटीतच सांगितलं की नायबसाहेबांची मावससासू. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खोक्यावर गोणपाट टाकलं आणि म्हणाली, "ताई, पोटुशी पोर हाय म्हनता, तर हे बर्फातलं नगा नेऊ. घरी चला माज्या. मालक टूबवर बसून गळ टाकत्यात. काय ना काय घावंल."

मानसीला टमटमचे धक्के नकोत म्हणून मी एकटीच गेले.

नदी

गोदावरी मी कल्पनेत फार मोठी रंगवली होती. बघितली तेव्हा मधल्या पात्रात खड्डेच खड्डे होते, वाळू उपसून मातीपर्यंत पोचलेले, आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे माग पार पाण्यापर्यंत. पण गयाबाईच्या गावाखाली बंधाऱ्याचं पाणी तुंबून मोठा डोह झालाय. हिरवं, संथ पाणी, काठाला लव्हाळी, पलीकडे उसाचे आणि मोसंबीचे मळे. तिथं उभं राहिल्यावर वारा गार लागला, तीन दिवसांत पहिल्यांदाच.

डोहात तिचा नवरा आसाराम ट्रकच्या चाकाच्या ट्यूबवर फळी बांधून बसला होता. पाय पाण्यात, हातात दोरी. समुद्रावर मोठी झालेली मी, पण मला बघवेना. वाऱ्याची एक झुळूक आली की ट्यूब गोल फिरायची आणि तो तिच्याबरोबर फिरायचा.

"जाळं न्हाई टाकता येत त्याच्यावरनं," गयाबाई म्हणाली. "जाळ्याला नाव लागती. गळाला काय, दोन मासं. घरी खायापुरतं."

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आढ्याला जाळी गुंडाळून टांगलेली होती, उंदरांनी खाली लोंबणारी टोकं कुरतडलेली. अंगणात तिनं फुटाण्याची भट्टी पेटवली होती. भोयांचा हा जुना जोडधंदा, तो आता मुख्य झालाय. शेजारच्या घराला कुलूप. त्यांचीही नाव जप्तीत गेली आणि मोडली, तेव्हा ते पुण्याकडे कुठल्या तरी इमारतीवर राखणीला गेले. गावात नावा बांधणारा सुतार होता, तो आता तालुक्याला दारं-खिडक्या करतो. एकेका नावेवर किती जणांची चूल पेटत होती ते मला तिथं बसल्या जागी दिसत होतं. कारण त्या नावेवर फक्त मासे येत नसत. पलीकडच्या मळ्यात कामाला जाणाऱ्या बायका त्याच नावेतून जात, काठावरच्या शेतकऱ्यांचं बी-खत त्याच नावेतून जाई, आणि त्याबद्दल सुगीला भोयाच्या घरी प्रत्येक शेतातून पोतंभर जोंधळा येई. आता बायकांना पुलावरून वळसा घालून जायला परवडत नाही, त्यांचा रोजगार गेला. जोंधळा नाही. सगळं एका नावेबरोबर कचेरीच्या अंगणात जाऊन पडलं होतं.

"पण नेली कशी?" मी विचारलं. "वाळूची नव्हती तर नेली का?"

गयाबाई मसाला वाटत होती, ती थांबली. "आमी गेलतो शिरूर कासारला, भावकीत लगीन होतं. आठ-धा दिस घरी कुनी न्हाई. ह्या उन्हात नाव काठाला ठिवली तर फुटती. म्हनून दगड भरून पाण्यात बुडवली. आमच्यात सगळेच बुडवत्यात, माजा सासरा बी बुडवायचा. लाकडानं पानी पिलं पायजे, तवा ते गच राहतं. तर हे कचेरीवाले आले. वाळूवाल्यांच्या बोटी त्येंच्या येण्याआधीच पसार. मग पाण्यात हातानं चाचपडलं, आमची नाव घावली. म्हनले, चोरीची नसती तर लपवली कावून?"

आसाराम ओल्या अंगानं आत आला होता. त्याच्या हातात एक वाम आणि दोन चिलाप्या. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सांगितलं मोठ्या साहेबाला. म्हनलं, उचलून फळ्या हुंगून बघा, माशाचाच वास येतोय. तेनी हसले."

मला सगळं लख्ख कळलं होतं. बाबा नवी होडी समुद्रात लोटण्याआधी तिच्यात पाणी भरून ठेवायचे, दोन-दोन दिवस. फळ्या फुगतात, सांधे आपोआप मिटतात. आम्ही मुलं त्या पाण्यात खेळायचो आणि मार खायचो. आमच्याकडे होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर काढतात, पण तेव्हा हवाच ओली असते. बीडच्या वैशाखात कोरड्या काठावर ठेवलेली लाकडी होडी टिकणार नाही. इथं ती पाण्यातच ठेवायला हवी. यात लपवायचं काय आहे?

मी हे सगळं त्या दोघांना सांगितलं. गयाबाईच्या हातातला वरवंटा तसाच राहिला. "हेच!" ती म्हणाली. "हेच सांगा तुमच्या जावयाला, ताई. आमचं कोन ऐकतंय? तुमी घरच्या. शिरूरचा मुकादम दोनदा येऊन गेला. ऊसतोडीची उचल घ्या म्हनतो. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर कारखान्याला जावंच लागतं, मग नदी संपली आमची. मालक म्हनत्यात, नाव येती का बघू, मग काय ते ठरवू."

"सांगते काय, सोडवूनच देते," मी म्हटलं.

मग आम्ही जेवलो. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे आमच्याकडे मासाच नव्हे, त्याला चिखलाचा वास येतो असं मी जन्मभर म्हणत आले. गयाबाईनं भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ आणि काळं तिखट घालून वामाचं कालवण केलं. नारळाचं दूध नाही, कोकम नाही, आंबटाला नुसती चिंच. ज्वारीची भाकरी त्यात कुस्करून मी इतकं जेवले की उठायला हात टेकावा लागला. निघताना तिनं मानसीसाठी डबा भरून दिला आणि म्हणाली, "घावली तर मरळ आणून देते. पोटुशीला चांगली. जित्तीच आणते."

संध्याकाळी मानसीनं मागच्या अंगणात पायरीवर बसून तो डबा चाटूनपुसून खाल्ला. शिवराज उशिरा आला तो थकून. मी होडीचा विषय काढणार होते, पण मानसी म्हणाली, "आज नको ना मावशी, डोकं दुखतंय त्यांचं." म्हटलं, उद्या. उद्या बोललं तरी चालेल.

चहा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवराजनं त्याच्या वरच्या साहेबांना घरी चहाला बोलावलं होतं. साहेब मोठे दिलखुलास. मोठ्यानं हसणारे, दुसऱ्याला बोलायला लावणारे. मानसीनं कांदाभजी केली होती, मी गावाहून आणलेलं आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी, कापून दिलं. साहेबांनी ते तोंडात टाकून डोळे मिटले आणि "वा, कोकण!" म्हणाले. मी लगेच दुसरी बशी आणली.

गप्पा वाळूवरून सुरू झाल्या. रोज वरून विचारणा होते, किती बोटी फोडल्या, किती वाहनं धरली. उद्या जेसीबी येणार, आवारातल्या दोन्ही बोटी मोडायच्या, फोटो पाठवायचे.

शिवराजनं कप खाली ठेवला. "साहेब, त्यातली एक लाकडी आहे. भोयांची. ते म्हणतात, लाकूड वाळू नये म्हणून बुडवली होती." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्या मावशींचे वडील होड्या बांधायचे. मावशींना यातलं चांगलं कळतं."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "अरे वा! मग सांगा मावशी. तुम्ही समुद्रावरची माणसं. तुमच्याकडे होडी अशी दगड भरून पाण्यात बुडवून ठेवतात का?"

हाच तो प्रश्न. माझ्यासाठीच दार उघडल्यासारखा. आणि मी काय म्हणावं?

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्याकडे वर ओढून घेतात आणि झापांनी शाकारतात."

हे खरं होतं. म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटते. मी खोटं बोलले असते तर निदान पकडली गेले असते. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, "पण तुमच्या उन्हात बुडवावीच लागेल, आणि ती होडी वाळूची नाही." तेवढ्यात साहेबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत नायबसाहेब? समुद्रावरचे लोक बुडवत नाहीत, आणि या डबक्यातल्यांना बुडवायला लागते! झालं तर मग." सगळे हसले. मीही हसले.

मग साहेबांनी विचारलं, झापांनी शाकारतात म्हणजे कसं? आणि मी सांगत सुटले. माडाच्या झावळ्या कशा विणतात, नारळी पुनवेला होड्या कशा रंगवतात, नवी होडी ओढताना गाव कसं गोळा होतं. साहेब "वा, वा" करत होते. त्यांनी म्हटलं, एकदा सगळ्यांना घेऊन तुमच्याकडे येतो, आणि मी म्हटलं, याच. एवढा मोठा अधिकारी माझं ऐकतो आहे, माझ्या माहितीला मान देतो आहे, हे मला गोड लागत होतं. आपण अर्धंच बोललो आहोत हे मला प्रत्येक वाक्याला आठवत होतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर ते उरलेलं अर्धं बोलणं आणखी अवघड होत होतं. आता मध्येच "पण" म्हटलं तर साहेबांना तोंडावर पाडल्यासारखं होईल. शिवराजची बदली त्यांच्या हातात आहे. मानसी बाळंतपणाला निघालेली. अशी कारणं मी चहाच्या कपाआड एकामागून एक गोळा केली. कारणं खोटी नव्हती. पण ती मला नंतर सुचली. आधी मी गप्प बसले होते.

शिवराज कपात बघत होता. मला वाटलं, चला, त्याच्या डोक्यावरचा भार कमी झाला.

रात्री मानसीनं भांडी आवरताना विचारलं, "मावशी, तू काल त्या बाईला काहीतरी कबूल केलं होतंस ना?" मी म्हटलं, "बघू उद्या सकाळी." तिनं नळ बंद केला आणि झोपायला गेली.

आवार

सकाळी मी उठले तेव्हाच जेसीबीचा आवाज येत होता. मी दूध तापत ठेवलं होतं ते सोडून खिडकीशी गेले.

लोखंडी बोटीला वेळ लागला. ती वाकायची, उलटायची, पुन्हा वाकायची. लाकडीला काहीच लागलं नाही. उन्हानं सुकलेल्या फळ्या, एक दणका बसला आणि सगळे सांधे एकदम सुटले. एका शिपायानं फोटो काढला. मागं दूध उतू जाईपर्यंत दोन्हींचं काम संपलं होतं. पाण्यात असती तर अशी एका दणक्यात कधी सुटली नसती, हे माझ्या डोक्यात आलं, आणि हे ज्ञान आता कुणाला सांगायचं असं वाटून मला स्वतःची शिसारी आली.

दुपारी शिवराज जेवायला आला. मी ताट वाढलं आणि मग सांगून टाकलं. बाबा होडीत पाणी भरून ठेवायचे, लाकूड कसं फुगतं, काठावरची होडी या हवेत का टिकत नाही, या होडीत वाळू कधीच गेलेली नव्हती. सगळं, न थांबता.

त्यानं घास ताटात परत ठेवला. पहिल्यांदाच जेवताना माझ्याकडे सरळ बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "काल मी साहेबांना चहाला कशासाठी बोलावलं होतं?"

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना, ही माशाची होडी. मला पण तसंच वाटत होतं. पण मी म्हटलं तर साहेब म्हणतात, तू भोयांची बाजू घेतोस. मला कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे होतं, त्यांच्यासमोर एकदा बोलणारं. त्यांनी तुमचं ऐकलं असतं. ऐकायलाच बसले होते ते."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताक मागितलं, भात कालवला आणि हात धुऊन कचेरीत गेला. इतकी वर्षं कारकुनीच्या टेबलामागून मी शाळेत मुलांना सांगत आले, येत असलेलं उत्तर न घाबरता द्यावं. माझ्यावर तर कुणी डोळेसुद्धा वटारले नव्हते.

मागचं अंगण

ऊन उतरल्यावर मागच्या फाटकाशी गयाबाई आली. डोक्यावर पाटी, पदर घामानं भिजलेला. पाटीत ओल्या गोणपाटाखाली मरळ वळवळत होती. तिनं समोरच्या आवारातून येताना फळ्या बघितल्या असणारच. त्यांचा ढीग तसाच पडला होता.

"घावली," ती मानसीला म्हणाली. "जित्ती हाय. भांडं आन."

मानसी पातेल्यात पाणी घेऊन आली आणि गयाबाईनं मरळ त्यात सोडली. काळपट, हातभर लांब, पातेल्याच्या कडेवर शेपूट आपटणारी. मानसी किती दिवसांनी खुलून हसली.

गयाबाई पायरीवर टेकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मनाला लावून नगा घेऊ. तुमी बोलला आसाल, मला म्हाईत हाय. वरच्यांनी न्हाई ऐकलं, त्याला तुमी काय करनार? नाव मोडल्याचं गावात कळलं, मालकानं तवाच मुकादमाला हो म्हनून टाकलं. पर आमच्यासाटी कुनीतरी बोललं, हे लई झालं."

मानसीचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गयाबाई उठून गेली असती, आम्ही तीन विटा मांडल्या असत्या, आणि चार दिवसांनी मी मानसीला घेऊन माझ्या समुद्राकडे परतले असते. मला ते हवं होतं, हेही लिहून ठेवते.

"गयाबाई," मी म्हटलं, "मी बोलले नाही. साहेबांनी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे होडी बुडवत नाहीत. पुढचं नाही सांगितलं."

तिला आधी उमजलंच नाही. मग तिनं विचारलं, "कावून?"

साहेबांनी आंब्याच्या साठाचं कौतुक केलं म्हणून, असं कसं सांगणार?

गयाबाई उठली, मानसीच्या पुढ्यातल्या पातेल्यात हात घातला, मरळ कल्ल्यात बोटं घालून धरली आणि पाटीत टाकली. वरून गोणपाट दाबून बसवलं.

"ही मी इकते," ती म्हणाली.

मानसी पाण्याचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. पाटी जड होती, आणि कुणाच्याही डोक्यावर पाटी चढवायला हात लावतात तशी मी पुढं झाले. गयाबाईनं माझा हात बाजूला सारला, कुंपणाच्या दगडावर पाटी टेकवली, खाली वाकून एकटीनंच ती डोक्यावर घेतली आणि फाटकातून निघून गेली.